आजोबांच्या पेटीतील तबकड्या : अनोळखी गायकांचे काय करावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मिरजेतील आमचे जुने घर उतरवायचे ठरल्यामुळे गेल्या महिन्यात माळा रिकामा केला, तेव्हा आजोबांची एक लाकडी पेटी हाती लागली. पेटीत एक्केचाळीस तबकड्या आहेत आणि सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या आहेत. सव्वीस तबकड्या एचएमव्हीच्या असून त्यांत बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर यांच्या मिळून अकरा निघाल्या. तीन ओडियनच्या आहेत. त्यांतील एक अब्दुल करीम खाँसाहेबांची आहे. नऊ तबकड्या ‘यंग इंडिया’ नावाच्या कंपनीच्या आहेत आणि त्यांवरील गायक-गायिकांपैकी एकाचेही नाव मी किंवा माझ्या वडिलांनी कधी ऐकलेले नाही. उरलेल्या तिनांपैकी दोन फुटलेल्या आहेत. तिसरीचे लेबल कसरीने असे खाल्ले आहे की पंख असलेल्या एका बसलेल्या बाळाचे अर्धे चित्र आणि ‘…बुवा’ एवढीच अक्षरे शिल्लक आहेत.

जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी पेटी पाहिली. बालगंधर्व, हिराबाई आणि खाँसाहेब यांच्या बारा तबकड्यांना त्यांनी बरी किंमत सांगितली. बाकीच्या अनोळखी गायकांच्या असल्यामुळे त्यांना गिऱ्हाईक नाही, त्या सोबत तशाच द्याव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मला पटलेही नाही आणि खोडूनही काढता आले नाही. नावाजलेल्या गायकांच्या तेवढ्या तबकड्या मोलाच्या आणि बाकीच्या नाहीत, हे खरे आहे काय?

दुसरी अडचण ऐकण्याची आहे. मित्राकडच्या तीन गतींच्या प्लेअरवर बहुतेक तबकड्या बऱ्या वाजल्या, परंतु लेबल खाल्लेली ती तबकडी लावली की आवाज इतका चिरका येतो की गाणारे बुवा आहेत यावर विश्वास बसत नाही, आणि ताना तर चिमण्यांच्या कलकलाटासारख्या वाटतात. पद संपल्यावर कुणीतरी घाईघाईने दोन शब्द बोलते, तेही कळत नाहीत. तबकडी बिघडली आहे, की मुळातच ध्वनिमुद्रण वाईट आहे? बऱ्याच तबकड्यांवर बुरशीचे पांढरे डागही आहेत. ते स्पिरिटने पुसले तर चालेल काय?

कर्णा

कृष्णाकाठ यांस,

सर्वांत आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या चर्चेला अर्थ उरणार नाही. स्पिरिट, कलोन किंवा मद्यार्क असलेले कोणतेही द्रावण लाखेच्या तबकडीला लावू नका. लाख मद्यार्कात विरघळते. सुतार पॉलिश करतात ते याच गुणावर. मी तरुणपणी, नुकताच या छंदाला लागलो असताना, एका कीर्तनाच्या तबकडीवरचा तेलकट डाग स्पिरिटने पुसला आणि कापसावर काळा रंग उतरलेला पाहून आनंदलो, की किती मळ निघाला. तो मळ नव्हता, खाचा होत्या. ती तबकडी मला आजतागायत दुसरीकडे सापडलेली नाही. शुद्ध केलेले पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, खाचांच्या दिशेने गोलाकार पुसणे, लेबलाला पाणी लागू न देणे आणि सावलीत उभी ठेवून वाळवणे, एवढेच करावे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. त्या गृहस्थांनी बाजारभाव बरोबर सांगितला असेल, परंतु मोल मात्र नेमके उलटे लावले आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी विकल्या गेल्या, आणि म्हणूनच त्या आजही मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर गेले तर एखादी दृष्टीस पडतेच. त्यांतील महत्त्वाची पदे पुढे एलपीवर आली, कॅसेटवर आली, सीडीवर आली. आपल्याकडील प्रत उद्या फुटली तर आपले नुकसान होईल, परंतु ते पद नाहीसे होणार नाही. खाँसाहेबांच्या ओडियनच्या तबकडीचेही तसेच आहे. मिरजेच्या घरात ती असणे ही भाग्याची गोष्ट आहे आणि ती आपण कधीही विकू नये असे मला मनापासून वाटते, परंतु ते गाणे सुरक्षित आहे.

‘यंग इंडिया’च्या नऊ तबकड्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. ‘नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ ही मुंबईची देशी कंपनी १९३५ ते १९५५ अशी सुमारे वीस वर्षे चालली, तिचा कारखाना वडाळ्याला होता आणि ‘यंग इंडिया’ हे तिचे लेबल होते. नामवंत गायक बहुतेक एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया यांच्याकडे बांधलेले असल्यामुळे या कंपनीला नव्या, हौशी आणि गावोगावच्या कलाकारांकडे वळावे लागले, आणि आपल्या दृष्टीने ही त्यांची अडचण फार मोलाची ठरली. मोठी कंपनी टिकली की तिचे धातूचे साचे आणि सूची टिकतात व पुढे कुणीतरी त्यांवरून नवी आवृत्ती काढतो. बंद पडलेल्या कंपनीच्या बाबतीत ती वाट खुंटलेली असते; पेट्यांतून आणि माळ्यांवर उरलेल्या प्रती, एवढाच काय तो तिचा ठेवा असतो. आपल्या नऊंपैकी एखाद्या तबकडीची जगात दुसरी प्रत नसणे मुळीच अशक्य नाही.

या अनोळखी तबकड्या सगळ्याच चांगल्या असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. मी अशा शेकडो ऐकल्या आहेत. त्यांतील पुष्कळशा नाट्यपदांच्या तबकड्या म्हणजे बालगंधर्वांच्या मुरक्यांची उसनवारी असते आणि लागोपाठ तीन ऐकल्या की चौथी लावावीशी वाटत नाही. भावगीतांतही जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या मागून गेलेल्यांची मोठी रांग आहे. मला ज्यांची ओढ वाटते त्या वेगळ्या : बैठकीची लावणी, कीर्तनातील पूर्वरंगाचे तुकडे, पोवाडे, आणि दोन-तीन पात्रांचे विनोदी संवाद. बैठकीची लावणी कशी गायली जात असे, शब्द कसा घोळवला जाई आणि अदा निव्वळ आवाजातून कशी होई, हे कळायला पुण्याच्या बाई सुंदराबाईंच्या तबकड्यांसारखे दुसरे साधन नाही. आणि त्यांच्याच काळात गाणाऱ्या ज्या बायकांची नावे आज कुणालाही ठाऊक नाहीत, त्यांच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्या तरच सुंदराबाईंचे वेगळेपण कुठे होते आणि सर्वांची समाईक रीत कुठवर होती, हे उलगडते. संवादाच्या तबकड्यांत तर त्या काळची बोली आहे. ‘च’ आणि ‘ज’ यांचे उच्चार, पुणेरी आणि वऱ्हाडी हेल, नवऱ्याने बायकोला हाक मारण्याची तऱ्हा, हे कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात ऐकू येत नाही.

माझ्याकडे एका कीर्तनकारांची दहा इंची तबकडी आहे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. बुवा अभंग ठायीत, म्हणजे संथ लयीत, सुरू करतात, जणू समोर देऊळ भरले आहे आणि रात्र आपलीच आहे. पहिल्या चरणावर ते दीड मिनिट रमतात. अडीच मिनिटांच्या सुमारास काहीतरी घडते, बहुधा समोरच्या माणसाने हात केला असावा, कारण ते एकदम पुढच्या चरणावर उडी घेतात, तबलजी गोंधळून एक आवर्तन सोडून देतो, पेटी (हार्मोनियम) मागे धावते आणि शेवटची ओळ पुरी होते न होते तोच खाच संपते. गाणे म्हणून ही तबकडी कुणी चांगली म्हणणार नाही. रात्रभर चालणाऱ्या कलेला तीन मिनिटांच्या चौकटीत पहिल्यांदा उभे केले तेव्हा काय झाले, हे मात्र मला तिच्याइतके दुसऱ्या कुठल्याही तबकडीने सांगितलेले नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्याच तीन मिनिटांत काय साधले, याची थोरवीही ही तबकडी ऐकल्यावर अधिक कळते.

थोडे मागे जातो. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास ध्वनिमुद्रणासाठी आले ते १९०२च्या अखेरीस, आणि गायकनट भाऊराव कोल्हटकर वारले ते १९०१च्या फेब्रुवारीत. पावणेदोन वर्षांच्या या अंतराने मराठी रंगभूमीचा तो आवाज कायमचा हुकला. दुसरे थोर गायकनट केशवराव भोसले १९२१मध्ये गेले. मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करण्याची सोय हिंदुस्थानात आली ती विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे त्यांचा जो काही आवाज आपल्याला मिळतो तो कर्ण्यापुढे उभे राहून गायलेला आहे, आणि कर्ण्यातून साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा तबकडीवर उतरत असे. डग्ग्याचा घुमारा त्यात येत नाही, तंबोरा जवळजवळ येतच नाही. हे लक्षात न घेता ‘जुने लोक कोरडे गात’ असे मत देणारे रसिक भेटतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

आपल्या कसर लागलेल्या तबकडीविषयी : पंख असलेले ते बाळ म्हणजे पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहीत बसलेला देवदूत. ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजे पुढे एचएमव्ही या नावाने तबकड्या काढणाऱ्या कंपनीचेच, हे बोधचिन्ह कुत्र्याचे चित्र येण्याआधीचे आहे. म्हणजे आपल्या पेटीतील बहुधा सर्वांत जुनी तबकडी तीच आहे, आणि ती नक्कीच कर्ण्यापुढे मुद्रित झालेली आहे. लेबलाभोवतीच्या मोकळ्या, गुळगुळीत कड्यात तिरपा उजेड पाडून पाहा. तिथे कोरलेला क्रमांक सापडेल. लेबल कसरीने खाल्ले तरी तो क्रमांक राहतो, आणि तबकडीची खरी ओळख तीच असते. दोन्ही बाजूंचे क्रमांक उतरवून घ्या, छायाचित्र काढा आणि इथे द्या. शेवटी बोललेले दोन शब्द म्हणजे गायकाने सांगितलेले स्वतःचे नाव असणार. १९०८मध्ये कलकत्त्यास सियालदाला कारखाना निघेपर्यंत हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापली जात, आणि तिथल्या कामगारांना कोणते गाणे कुणाचे ते कळावे म्हणून गायक अखेरीस नाव सांगत. गौहर जान यांचे ‘माय नेम इज गौहर जान’ प्रसिद्धच आहे. ती प्रथा त्यानंतरही काही काळ रेंगाळली.

फुटलेल्या दोन तबकड्या टाकू नका आणि गोंदाने चिकटवूही नका. तुकडे सपाट पुठ्ठ्यावर जुळवून ठेवा.

शिवारवाट

‘कर्णा’ यांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे मन लावून लिहिलेला आहे आणि तबकड्या इतक्यात देऊ नयेत हे मलाही मान्य आहे. तरीही एका गोष्टीत माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट सांगावेसे वाटते.

माझ्याकडे एके काळी तीन हजारांवर तबकड्या होत्या. दहा इंची एक तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची धरली तरी हे वजन सहाशे किलोच्या घरात जाते; दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ते ठेवताना मला अभियंत्याचा सल्ला घ्यावा लागला. सगळे जपावे, असे म्हणणे सोपे आहे. जपणारा माणूस साठीला पोचला, मुले परगावी गेली आणि तबकड्या पुन्हा माळ्यावर गेल्या, म्हणजे त्या कृष्णाकाठ यांच्या आजोबांच्या पेटीत होत्या तिथेच परत आल्या. मी माझ्या संग्रहातील दोन-तृतीयांश तबकड्या योग्य माणसांना देऊन टाकल्या आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण देण्याआधी प्रत्येक तबकडीची दोन्ही बाजूंची नक्कल संगणकावर घेतली, लेबलांची छायाचित्रे काढली आणि यादी केली.

संग्राहकांच्या वर्तुळात एक वाईट सवय आहे. ‘एकमेव प्रत’ मिळाली की ती कुणाला ऐकू द्यायची नाही, कारण ऐकवली की तिचे एकमेवपण गेले असे त्यांना वाटते. मी असे एक गृहस्थ पाहिले आहेत, ज्यांच्या कपाटात एका शाहिराच्या पोवाड्याची तबकडी वीस वर्षे होती. त्यांच्या निधनानंतर ती कुठे गेली हे घरच्यांनाही सांगता आले नाही. तो पोवाडा व्यापाऱ्याच्या हाती गेला असता तरी याहून वाईट काय झाले असते? कसर लेबल खाते आणि असा संग्राहक गाणेच खातो, हे माझे ठाम मत आहे.

म्हणून कृष्णाकाठ यांना माझा सल्ला असा की आधी नऊ यंग इंडिया आणि ती देवदूताची तबकडी यांच्या चांगल्या नकला करून घ्या, मग काय विकायचे ते ठरवा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था याच कामासाठी आहे आणि तिच्या नियतकालिकातून मराठी तबकड्यांच्या याद्या व टिपणे प्रसिद्ध झालेली आहेत. आपले क्रमांक त्या याद्यांशी ताडून पाहावेत.

नकला सर्वांसाठी खुल्या करण्याविषयी पुढे प्रश्न येईलच, म्हणून कायद्याचे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे असतो, तेव्हा या तबकड्यांवरील तो हक्क केव्हाच संपला आहे. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, हे विसरू नये.

आणि कागदी पाकिटे टाकू नका. त्यांवर विक्रेत्याचा शिक्का असेल तर आजोबांनी ती तबकडी मिरजेत घेतली, कोल्हापुरात घेतली की मुंबईहून आणली, हे त्यावरून कळेल.

पेटीवाली

मी संग्राहक नाही. मी नाट्यसंगीताला पेटीची साथ करते आणि गेली काही वर्षे मित्रमंडळींच्या तबकड्यांच्या नकला करून देते. कृष्णाकाठदादा, आपली तबकडी बिघडलेली नाही, ती जलद वाजते आहे, असे मला वर्णनावरून वाटते.

७८ फेऱ्या ही गती नंतर ठरली. कर्ण्याच्या काळात मुद्रणयंत्र त्या दिवशी ज्या गतीने फिरले ती तबकडीची खरी गती, आणि ती सत्तरपासून ऐंशीपर्यंत कुठेही असू शकते. पेटीवरील दोन लगतच्या पट्ट्यांमधील (सुरांमधील) अंतर सुमारे सहा टक्के असते, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या हिशेबात सुमारे साडेचार फेऱ्या. ७३ किंवा ७४ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी आपण ७८वर लावली की गायक काळी एकऐवजी पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, आणि नुसती पट्टीच चढत नाही, तर ताना सहा टक्के जलद होतात, आवाजाचा कंप जलद होतो, स्वरवर्ण पातळ होतात. माणूस तोच असतो, पण त्याचा गळा लहान मुलाचा झाल्यासारखा भासतो. इंटरनेटवर जुन्या गायकांच्या ज्या नकला फिरतात त्यांतील कितीतरी अशा जलद आहेत, आणि त्यांवरून ‘हे गायक किती उंच पट्टीत गात’ असे लेख लिहिले जातात. नक्कल चढवणाऱ्याने अर्धा तास पेटी घेऊन बसायला काय हरकत असते, असे मला दर वेळी वाटते.

आपण असे करून पाहा. पदाला पेटीची साथ आहे काय ते ऐका. असेल तर काम सोपे होते, कारण पेटी दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठे वाजू शकत नाही. ७८वर लावून षड्ज (गायकाचा ‘सा’) घरच्या पेटीवर शोधा. तो दोन स्वरांच्या फटीत पडला तर गती चुकली हे निश्चित. मग खालच्या कोणत्या पट्ट्यांवर तो बसू शकतो ते पाहून गती काढता येते. जुन्या पेट्यांची जुळणी आजच्यासारखीच होती असे नाही, म्हणून थोडी सूट ठेवावी. दोन-तीन उत्तरे शक्य होतील. त्यांतील खरे कोणते हे गणिताने ठरत नाही, उच्चाराने ठरते. ‘ळ’, ‘ण’ आणि महाप्राण ऐका. गती योग्य झाली की ‘ध’ आणि ‘भ’ यांतला श्वास ऐकू येतो. दुसरी बाजूही तपासा, कारण दोन्ही बाजू एकाच बैठकीत मुद्रित झाल्या असतील तर गती जवळजवळ सारखीच निघेल.

मित्राच्या प्लेअरवर गती बदलण्याची सोय नसेल तर ७८वर नक्कल करून ती संगणकावर हळू करा. परिणाम तोच मिळतो. आणि सुई नक्की पाहा. ७८च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई २५ मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक असते आणि ती खाचेच्या तळाशी साठलेल्या धुळीतून फरफटत जाते. तीन गतींच्या जुन्या प्लेअरवर सुई उलटवण्याचा छोटा खटका असतो, तो ७८च्या बाजूला आहे ना? चावीच्या ग्रामोफोनवर मात्र ही तबकडी लावू नका. त्याचा जड साउंडबॉक्स आणि लोखंडी पिन खाचांचा चुरा काढतात. ती पिन दर बाजूला बदलायची असते, हेही आज बहुतेकांना माहीत नसते.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हाच संग्राहकाचा खरा शत्रू असतो. बुरशी लाखेपेक्षा कागदी पाकिटावर आधी धरते आणि तिथून तबकडीवर उतरते, म्हणून पाकिटे ठेवायची असली तरी तबकडीपासून वेगळी ठेवावीत आणि तबकडीला नवे पाकीट द्यावे. तबकड्या उभ्या, एकमेकींना लागून ठेवाव्यात. तिरप्या राहिल्या तर वाकतात.

अनोळखी तबकडीच्या मोलाविषयी एक आठवण द्यावीशी वाटते. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत आणि त्यांच्या तबकड्या मोजक्याच आहेत. १९७७मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवायच्या सुवर्ण तबकडीसाठी त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी निवडली गेली, तेव्हा तिची प्रत बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. ते खोके कुणी ‘गिऱ्हाईक नाही’ म्हणून आधीच रद्दीत घातले असते तर साडेतीन मिनिटांची ती भैरवी सूर्यमालेपलीकडे गेली नसती.

कोंकणी तबकड्यांची स्थिती मराठीपेक्षा बिकट आहे. क्रिस पेरी आणि लोर्ना यांची सत्तरच्या दशकातील गाणी लोकांच्या ओठांवर असल्यामुळे ती टिकली, आल्फ्रेड रोझ यांचीही टिकली. परंतु मुंबईत मुद्रित झालेल्या तियात्रांतल्या (कोंकणी नाटकांतल्या) कितीतरी कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, ७८च्या तबकड्या आम्ही केवळ नावाने ओळखतो. आपल्या पेटीत एखादी कोंकणी तबकडी निघाली तर कृपया कळवावे. मिरजेची आणि गोव्याची गाण्याची ये-जा जुनी आहे, म्हणून विचारतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. व्यापारी गृहस्थांना मी नम्रपणे नकार कळवला आहे. पेटीत कोंकणी तबकडी नाही, मांडवीतीर यांनी क्षमा करावी. पाकिटांपैकी पाचांवर कोल्हापूरच्या एकाच दुकानाचा जांभळा शिक्का निघाला, त्यावरून आजोबा खरेदीला कोल्हापूरला जात असावेत असे वडील म्हणतात.

मित्राच्या प्लेअरवरील खटका एलपीच्या बाजूला होता. तो उलटवल्याबरोबर खरखर निम्म्यावर आली.

देवदूताच्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर कोरलेले क्रमांक सापडले. ते लागोपाठचे आहेत. पेटीवालीताईंनी सांगितल्याप्रमाणे बहिणीला घरची पेटी घेऊन बसवले. ७८वर षड्ज काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या बरोबर मध्ये येत होता, आणि दुसऱ्या बाजूलाही तिथेच. हिशेब केला तेव्हा काळी तीनसाठी सुमारे ७६ फेऱ्या आणि पांढरी चारसाठी सुमारे साडेएकाहत्तर फेऱ्या अशी दोन उत्तरे आली. दोन्ही नकला तयार करून रात्री ऐकल्या. ७६वर पद ऐकण्याजोगे झाले, तरी आवाज अजून आवळलेला होता. साडेएकाहत्तरवर आम्ही दोघेही एकदम थांबलो. पुरुषाचाच, भरदार, थोडा घोगरा आवाज आहे. ज्या ताना मी कलकलाट म्हणत होतो त्या दाणेदार आहेत आणि प्रत्येक दाणा वेगळा मोजता येतो. ‘ळ’ स्वच्छ ऐकू येतो. अंतऱ्याच्या आधी पेटीवाला एक छोटा तुकडा भरतो आणि बुवा त्याला हळूच ‘वा’ म्हणतात, हे आधीच्या गतीत कळलेच नव्हते.

शेवटचे दोन शब्दही आता कळतात, म्हणजे दुसरा कळतो. तो ‘बुवा’ आहे. पहिल्या शब्दावरून नेमका एक ओरखडा गेलेला आहे, आणि आमच्या प्रतीवर त्या शब्दाचे शेवटचे अक्षर ‘र’ असावे यापलीकडे काही सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या शेवटी नाव सांगितलेले नाही. दोन्ही क्रमांकांची आणि उरलेल्या लेबलाची छायाचित्रे जोडली आहेत. कुणाकडे याच क्रमांकाची दुसरी प्रत असेल तर शेवटची पाच सेकंदे तेवढी ऐकवावीत, एवढीच विनंती आहे. नऊ यंग इंडियांच्या नकला पुढील आठवड्यात करतो. त्यांतील दोन संवादाच्या आहेत, असे लेबलांवरून दिसते.

कर्णा

छायाचित्रे पाहिली. हा क्रमांक माझ्या संग्रहात नाही आणि मी आजवर उतरवून घेतलेल्या याद्यांतही नाही. शिवारवाट यांनी संग्राहकांविषयी लिहिले ते मला लागले, कारण माझ्याकडच्या ज्या कीर्तनाच्या तबकडीचे वर्णन मी वर केले, तिची नक्कल मी अजून कुणालाही दिलेली नाही. ती या आठवड्यात इथे सर्वांसाठी ठेवतो. पेटीवालीताईंनी तिची गती तपासून द्यावी.

कृष्णाकाठ यांना एक सुचवतो. ओरखडा आडवा गेला असेल तर खाचेच्या दोन्ही भिंती सारख्याच दुखावलेल्या असतातच असे नाही. ही तबकडी मोनो, म्हणजे खाचेच्या दोन्ही भिंतींवर तोच आवाज असलेली, असल्यामुळे डावी आणि उजवी भिंत वेगवेगळी मुद्रित करून घेता येते, आणि त्यांतील बरी बाजू निवडता येते. शिवाय आतापर्यंतच्या पिनांनी खाचेच्या ज्या उंचीवर झीज केली त्याच्या थोडे वर किंवा खाली टेकणारी सुई वापरली तर पुसट झालेले अक्षर कधी कधी उमटते. माझ्याकडे तीन जाडींच्या सुया आहेत. पुढच्या महिन्यात सांगलीला येणे आहे, तेव्हा त्या घेऊन मिरजेला येतो. तोपर्यंत ती तबकडी पुन्हा सुईखाली घालू नये.